आईच्या रिपोर्टमध्ये 'ईआर ८/८' : नुसत्या गोळीवर भागतं का?

इंदिरानगरची_मृण्मयी

नमस्कार मंडळी. आई ६३ वर्षांची. स्तनातली गाठ काढून झाली, काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या. आता हातात आयएचसीचा (गाठीच्या पेशी रंगवून करतात त्या तपासणीचा) रिपोर्ट आहे : ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) ८/८, पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) ५/८, हर-टू (आणखी एक रिसेप्टर) १+, केआय-६७ (किती पेशी वाढीला लागल्यात तो आकडा) १२ टक्के. डॉक्टर म्हणाले, रेडिएशन घ्या आणि मग लेट्रोझोलची रोज एक गोळी, निदान पाच वर्षं. केमोची गरज त्यांना वाटत नाही.

घरात यावरून दोन तट पडलेत. मामा म्हणतात, कॅन्सरला नुसती गोळी कुठे असते का, मुंबईला न्या. आत्या म्हणते, वहिनीची पाळी कधीच गेली, आता अंगात कुठलं आलंय इस्ट्रोजेन? मग त्याच्याविरुद्ध गोळी कशाला? आत्याचा प्रश्न मलाही पडलाय. हे रिसेप्टर म्हणजे नेमकं असतं काय, आणि त्या आठ गुणांवर एवढा भरवसा का ठेवायचा? जाणकारांनी आणि यातून गेलेल्यांनी लिहा.

सिडकोतली_शुभदा

वाचतेय. मीही गोळीवालीच आहे, टॅमॉक्सिफेन. सविस्तर रात्री लिहिते.

पॅथॉलॉजीवाली

मृण्मयी, मी रोज याच स्लाइड बघते, म्हणून त्या आठपासून सुरू करते. गाठीची पातळ चकती काचेवर घेतात, तिच्यावर ईआरला चिकटणारी अँटिबॉडी सोडतात आणि रंग आणतात. ज्या पेशीत रिसेप्टर आहे तिचं केंद्रक तपकिरी होतं, बाकीची निळी राहतात. किती पेशी रंगल्या याचे ० ते ५, रंग किती गडद आला याचे ० ते ३. तुझ्या आईला दोन्हीकडे पूर्ण गुण आहेत. म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त पेशी रंगल्यात आणि गडद रंगल्यात.

रंग कुठे येतो तेही बघ. ईआर, पीआरचा रंग केंद्रकात येतो, कारण हे रिसेप्टर डीएनएला धरून काम करतात. हर-टूचा रंग पेशीच्या कडेला येतो, कारण तो आवरणावर असतो. तिन्ही एकाच रिपोर्टवर छापलेले असतात म्हणून लोक त्यांना एका माळेचे मणी समजतात, पण जात वेगळी आहे. म्हणून औषधंही वेगळी. ट्रास्टुझुमॅब बाहेरूनच हर-टूला चिकटतं, टॅमॉक्सिफेनला मात्र पेशीत शिरावं लागतं.

डॉ_देवळालीकर

आत्याबाईंचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. पाळी गेली की अंडाशय थांबतात, इस्ट्रोजेन थांबत नाही. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रेनल ग्रंथी अँड्रोजेन बनवत राहतात, आणि चरबी, स्नायू, कधीकधी खुद्द गाठीतलं ॲरोमटेज नावाचं एंझाइम त्याचं इस्ट्रोजेन करतं. रक्तात ते थोडंच असतं, पण ८/८ वाल्या पेशीला तेवढंही पुरतं. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन ही तिन्ही औषधं त्या एंझाइमचं काम बंद पाडतात.

हेच औषध पाळी चालू असलेल्या बाईला एकटं देऊन उपयोग नाही. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूकडून अंडाशयांना आणखी जोरात हुकूम सुटतो. तिथे टॅमॉक्सिफेन देतात, किंवा गोसेरेलिनसारख्या इंजेक्शनने आधी अंडाशय शांत करतात.

सातपूरकर

सगळं मान्य, पण धोका कशाला पत्करायचा? केमो घेऊन टाकावी, मग गोळीही घ्यावी. माझ्या काकूंना दोन्ही दिलं होतं, ठणठणीत आहेत.

डॉ_देवळालीकर

@सातपूरकर, तुमच्या काकूंच्या काखेतल्या गाठींत कॅन्सर होता का, हर-टू किती होता, हे कळल्याशिवाय तुलना होत नाही. केमो ज्या पेशी झपाट्याने दुभंगतात त्यांच्यावर जोरात चालते. ईआर भरपूर आणि केआय-६७ कमी अशा गाठी सावकाश वाढतात, त्यांना केमोचा फटका कमी बसतो. २०१८ मध्ये टेलरएक्स या मोठ्या चाचणीचे निकाल आले. गाठीतल्या २१ जनुकांवरून गुण काढले होते. काखेत गाठी नसलेल्या, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह बायकांत हे गुण ११ ते २५ असतील आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर केमोने जास्तीचा फायदा झाला नाही. ही जनुक-तपासणी आपल्याकडे महाग आहे, म्हणून बरेच डॉक्टर वय, ग्रेड (पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात ते), गाठीचा आकार आणि हे आयएचसीचे आकडे एकत्र बघून ठरवतात. मृण्मयीताई, ग्रेड लिहिलेली नाही तुम्ही, ती बघा.

इंदिरानगरची_मृण्मयी

ग्रेड २, आकार १.६ सेंमी. मामांना हे सगळं वाचून दाखवतेय.

जुना_नाशिककर

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, म्हणून थोडा इतिहास. ही गोळी आकाशातून पडलेली नाही हे तुमच्या मामांना कळावं.

१८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने 'लॅन्सेट'मध्ये एक हकीकत छापली. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या एका तरुण बाईचे अंडाशय त्याने काढले आणि गाठी विरघळत गेल्या. काही देशांत गाय जास्त दिवस दुधावर राहावी म्हणून तिचे अंडाशय काढतात, हे त्याच्या वाचनात होतं. अंडाशयाचा स्तनाशी काहीतरी धागा आहे एवढंच त्याने त्यावरून ताडलं. तेव्हा इस्ट्रोजेन हा शब्दही नव्हता. शुद्ध स्वरूपात इस्ट्रोन हाती लागलं १९२९ मध्ये. पुढे अनेकांनी हे ऑपरेशन करून पाहिलं, आणि साधारण तिघींतल्या एकीलाच गुण येई. का, ते साठ वर्षं कोणाला सांगता येईना.

उत्तर शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी दिलं. त्यांनी किरणोत्सारी हायड्रोजन लावलेलं इस्ट्रॅडिऑल उंदरांच्या माद्यांना टोचलं आणि ते कुठे जातं याचा माग काढला. गर्भाशयाने ते धरून ठेवलं, स्नायूने सोडून दिलं. आणि जे धरून ठेवलं ते जसंच्या तसं होतं, त्याचं दुसरं काही बनलेलं नव्हतं. तोवर समज असा की हार्मोन एखाद्या रासायनिक क्रियेत खर्ची पडून काम करतो. जेन्सननी दाखवलं की तो एका प्रथिनाला चिकटतो आणि काम ते प्रथिन करतं. तेच हे ईआर. मग ज्या गाठीत ईआर आहे तिलाच अंडाशय काढल्याचा फायदा, हा हिशेब जुळला.

१९८०च्या दशकात या प्रथिनांची जनुकं हाती आली आणि मोठी गंमत दिसली. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, अ जीवनसत्त्वाचं आम्ल, या सगळ्यांचे रिसेप्टर एकाच घराण्यातले निघाले. माणसात असे ४८ आहेत. २००४ चं लास्कर पारितोषिक जेन्सन, पिएर शाँबाँ आणि रोनाल्ड इव्हान्स यांना मिळालं ते याच कामासाठी.

भगूरची_लेक

सर, तुमच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं. पुढचं लिहा ना : चिकटल्यावर तो रिसेप्टर करतो काय?

जुना_नाशिककर

इस्ट्रोजेन स्निग्ध असल्यामुळे पेशीच्या आवरणातून आत झिरपतं. ते रिसेप्टरच्या पोटातल्या खोबणीत बसलं की रिसेप्टरचा आकार बदलतो. आधी त्याला धरून असलेली प्रथिनं सुटतात, दोन रिसेप्टर जोडीने डीएनएच्या ठरावीक अक्षरांवर बसतात. रिसेप्टरचा बारावा पेच (प्रथिनाच्या साखळीचा एक पिळदार तुकडा) खोबणीवर झाकणासारखा बसतो, त्याने एक नवा पृष्ठभाग तयार होतो, आणि त्याला मदतनीस प्रथिनं येऊन लागतात. मग सायक्लिन डी-वनसारखी जनुकं चालू होतात आणि पेशी दुभंगायला लागते. पीआरही इस्ट्रोजेनच्याच हुकमाने बनतं. म्हणून ईआरबरोबर पीआरही आलं, तर साखळी शेवटपर्यंत शाबूत आहे असं समजतात.

पंचवटीचा_पासधारक

सर, आम्हा अप-डाऊनवाल्यांच्या भाषेत सांगू का? टॅमॉक्सिफेन म्हणजे सीटवर टाकलेला रुमाल. इस्ट्रोजेनबाई डब्यात चढतात, पण बसायला जागा नाही. 😀 लेट्रोझोल म्हणजे बाईंना नाशिकरोडला गाडीतच चढू न देणं.

जुना_नाशिककर

वा! आणि फुलवेस्ट्रंटचं इंजेक्शन सीटच उखडून नेतं; रिसेप्टरच मोडीत निघतो. फक्त एक भर घालतो. टॅमॉक्सिफेन हा रुमाल प्रत्येक डब्यात सारखा वागत नाही. स्तनात ते इस्ट्रोजेनला अडवतं, कारण ते बसलं की बारावा पेच नीट मिटत नाही. हाडांत आणि गर्भाशयाच्या अस्तरात मात्र ते स्वतःच थोडं इस्ट्रोजेनसारखं वागतं, कारण तिथली मदतनीस प्रथिनं वेगळी. म्हणून पाळी गेलेल्या बायकांची हाडं त्याने टिकतात, आणि म्हणूनच गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो.

सिडकोतली_शुभदा

आता निवांत लिहिते. मला ३६व्या वर्षी झालं. केमो, रेडिएशन झालं आणि टॅमॉक्सिफेन २० मिग्रॅ सुरू झालं. केमोत सगळे भेटायला यायचे, डबे यायचे. गोळी सुरू झाल्यावर सगळ्यांना वाटलं, संपलं. माझ्यासाठी खरी परीक्षा तिथून पुढे होती. मे महिन्यात स्वयंपाकघरात उभी असताना आतून भट्टी पेटावी तशी गरमी, रात्री घामाने ओली गादी, चिडचिड. सासूबाईंना वाटायचं मी कामचुकारपणा करते. पाळी अनियमित झाली. कोणी आधी सांगितलंच नव्हतं की हे होणार. गोळी बंद करावी असं खूपदा मनात आलं.

बंद केली नाही, कारण ओपीडीत बाकावर शेजारी बसलेल्या एक काकू भेटल्या. त्यांनी दीड वर्षात आपल्या मनाने थांबवली होती आणि मणक्यात परत आलं होतं. गोळीमुळेच टळलं असतं का ते कोणीच सांगू शकत नाही, पण त्यांचा चेहरा मी विसरू शकले नाही.

माझ्यासारख्या बायकांना तीन-चार गोष्टी सांगते. उदासीची गोळी लागली तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिनमुळे यकृतात टॅमॉक्सिफेनचं एंडॉक्सिफेन कमी बनतं, आणि खरं काम तेच करतं. पोटरी एका बाजूने सुजून दुखली किंवा अचानक दम लागला तर त्याच दिवशी दाखवा, रक्ताची गुठळी असू शकते. पाळी गेल्यावर अंगावर लाल गेलं तर लाजू नका. आणि या गोळीवर गरोदर राहायचं नाही.

ओझरची_नववधू_नव्हे

शुभदाताई, मी ३३ची, गोळी सुरू होऊन वर्ष व्हायला आलंय. आम्हाला बाळ हवंय. सासरी रोज विषय निघतो. म्हणजे पाच वर्षं विसरायचंच का?

डॉ_देवळालीकर

विसरायचं नाही, बोलायचं. २०२३ मध्ये पॉझिटिव्ह नावाच्या चाचणीचे निकाल छापून आले. ४२ वर्षांपर्यंतच्या बायकांनी १८ ते ३० महिने गोळी घेतली, मग बाळासाठी दोन वर्षांपर्यंत थांबवली आणि नंतर पुन्हा सुरू केली. सुरुवातीच्या काही वर्षांत तरी त्यांच्यात कॅन्सर परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. दूरचे निकाल यायचेत. तुमची स्टेज बघून ठरवावं लागेल, गोळी थांबवून मधे मोकळा काळही ठेवावा लागतो. पण दार बंद नाही, एवढं घरी नक्की सांगा.

ओझरची_नववधू_नव्हे

हे मला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. खूप आभार. 🙏

निफाडचा_बागायतदार

विषय जरा वेगळा आहे, पण मनात सलतोय म्हणून विचारतो. आम्ही द्राक्षाच्या घडांना जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) डिपिंग करतो, म्हणजे घड त्याच्या पाण्यात बुडवतो. तेही हार्मोनच. वहिनीला स्तनाचा कॅन्सर निघाला, तिनं बागेत वर्षानुवर्षं डिपिंग केलंय. गावात लोक बोलतात की त्यानंच झालं. खरं काय?

जुना_नाशिककर

दादा, जिबरेलिक ॲसिड हा झाडांचा हार्मोन. भाताच्या एका बुरशीतून जपानी शास्त्रज्ञांनी तो शोधला. ती बुरशी लागली की रोपं उंच वाढून पडायची. झाडात त्याला ओळखणारं जीआयडी-वन नावाचं प्रथिन आहे, माणसात ते नाही. ईआरच्या खोबणीत बसतं इस्ट्रॅडिऑल, आणि जीएची घडण त्याहून वेगळी. तेव्हा 'हार्मोनमुळे हार्मोनचा कॅन्सर' हा गावातला तर्क टिकत नाही. वहिनींना त्याचा दोष मनाला लावून घेऊ देऊ नका.

फवारणीच्या औषधांचा प्रश्न वेगळा. डीडीटीचं एक रूप ईआरला चिकटतं, दुबळं का होईना, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून हातमोजे, मास्क आणि फवारल्यावर लगेच अंघोळ, यात हयगय नको. घरातल्या बायकांनाही ते मिळालं पाहिजे, फक्त फवारणाऱ्या गड्याला नाही.

निफाडचा_बागायतदार

धन्यवाद सर. वहिनीला आजच वाचून दाखवतो.

आरोग्यप्रेमी

जवस, सोयाबीन आणि शतावरी यांत नैसर्गिक इस्ट्रोजेन असतं. ते दिलं तर गोळीची गरज पडत नाही असं वाचलंय.

पॅथॉलॉजीवाली

@आरोग्यप्रेमी, असं लिहू नका, कोणीतरी गोळी खरंच बंद करेल. सोयातलं जेनिस्टीन ईआरच्या दुसऱ्या प्रकाराला, १९९६ मध्ये सापडलेल्या बीटाला, जास्त चिकटतं. रिपोर्टात मोजतात तो अल्फा. जेवणातलं सोयाबीन, टोफू खायला हरकत नाही. पण ते औषध नाही. आणि अर्क, कॅप्सूल, चूर्णं तर गोळी चालू असताना डॉक्टरांना न सांगता मुळीच नकोत. ड जीवनसत्त्वाचंही तसंच. त्याचा रिसेप्टर याच घराण्यातला, म्हणून मोठी आशा होती. २०१८ च्या व्हायटल चाचणीत रोज २००० युनिट देऊनही कॅन्सर होण्याचं प्रमाण घटलं नाही. लेट्रोझोलवर असताना हाडांसाठी मात्र ते घ्यावंच.

भारतमाता_चौक

गोळ्यांवरून आठवलं. 'सहेली' ही आठवड्याची गर्भनिरोधक गोळीसुद्धा टॅमॉक्सिफेनच्याच पठडीतली. ऑर्मेलॉक्सिफेन. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध-संशोधन संस्थेने शोधली, आता सरकारी दवाखान्यात 'छाया' नावाने मिळते. एकाच रिसेप्टरवर किती संसार चाललेत बघा.

डॉ_देवळालीकर

बरोबर. म्हणून कोणी टॅमॉक्सिफेनऐवजी सहेली घेऊ नये. काम वेगळं, पुरावा वेगळा.

मेरी_रोडवरची_ताई

सगळे पॉझिटिव्हबद्दल लिहिताय. माझ्या धाकट्या बहिणीचं ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह. म्हणजे तिला काहीच नाही का?

डॉ_देवळालीकर

ताई, आहे. हार्मोनची गोळी चालत नाही एवढाच त्याचा अर्थ. अशा गाठींवर केमो बऱ्याचदा चांगली चालते, काही जणींत ऑपरेशनआधीच्या केमोनंतर गाठीत एकही जिवंत पेशी सापडत नाही. केमोबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषधही आता देतात, खर्च मोठा आहे. बहीण तरुण असेल तर बीआरसीए (आनुवंशिक धोका दाखवणाऱ्या जनुकांची) तपासणी नक्की करा, कारण तिथेही वेगळ्या गोळ्या आहेत आणि तुम्हालाही स्वतःसाठी ते कळायला हवं. काही ट्रिपल निगेटिव्ह गाठींत अँड्रोजेन रिसेप्टर असतो. तोही याच घराण्यातला, त्यावर चाचण्या चालू आहेत.

पॅथॉलॉजीवाली

आणि ताई, 'निगेटिव्ह' खरंच निगेटिव्ह आहे याची खात्री करून घ्या. हे मला फार कळकळीने सांगायचंय. काढलेली गाठ तासाभराच्या आत १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये पडली पाहिजे आणि निदान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास त्यात राहिली पाहिजे. एका ठिकाणाहून आमच्याकडे गाठ सलाइनच्या बाटलीत आली होती, रात्रभर तशीच. त्यात ईआर शून्य दिसला तर तो गाठीचा दोष नव्हे. स्लाइडवर कॅन्सरशेजारची निरोगी नलिका असते, तिच्या काही पेशी ईआरला रंगायलाच हव्यात. त्याही रंगल्या नाहीत तर तपासणी फसली, निगेटिव्ह लिहायचंच नाही. एका चुकीच्या शून्यामुळे बाई दहा वर्षांच्या औषधाला मुकते. बायोप्सी आणि ऑपरेशन, दोन्हीचे पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या, ते तुमचे आहेत. शंका असेल तर दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा करा.

सिन्नरचा_भाऊ

पुरुषांनाही होतो बरं का. माझ्या थोरल्या भावाला झाला, छातीवरची गाठ वर्षभर अंगावर काढली. पुरुषांतले बहुतेक ईआर पॉझिटिव्हच असतात म्हणाले. तोही टॅमॉक्सिफेन घेतो.

सातपूरकर

काकूंची फाइल काढून बघितली. काखेत चार गाठी पॉझिटिव्ह होत्या. केमो का दिली ते आता कळलं, डॉक्टर.

इंदिरानगरची_मृण्मयी

मामांशी बोलणं झालं. स्लाइड आणि ब्लॉक घेऊन परळला एकदा मत घ्यायचं ठरलंय, पण मामांचा 'नुसती गोळी' हा सूर आता नाही. एक विचारायचं राहिलं : पाच वर्षांनंतर काय? आणि आईचे गुडघे आधीच दुखतात, लेट्रोझोलने सांधे धरतात म्हणे.

डॉ_देवळालीकर

मत जरूर घ्या, पण त्यासाठी उपचार रखडवू नका. ईआर पॉझिटिव्ह कॅन्सरची खोड अशी की तो उशिरा परततो. पाच वर्षं गोळी घेतलेल्या बायकांतही पुढे विसाव्या वर्षापर्यंत थोडी थोडी जोखीम चालू राहते, हे २०१७ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. टॅमॉक्सिफेन पाच वर्षं घेतल्याने मृत्यूचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटतं, आणि २०१३ च्या ॲटलस चाचणीत दहा वर्षं घेणाऱ्यांना आणखी फायदा दिसला. आईच्या काखेत गाठी नाहीत, त्यामुळे पाचव्या वर्षी हाडं आणि तब्येत बघून ठरवतील.

सुरू करण्याआधी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) करा. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व द्या. सकाळी चालायला लावा. सांधेदुखीवर चालण्याचा खरंच उपयोग होतो. फार त्रास झाला तर दुसरं ॲरोमटेजविरोधी औषध किंवा टॅमॉक्सिफेन देऊन बघता येतं. गोळी बदलता येते, आपल्या मनाने बंद करायची नाही.

सिडकोतली_शुभदा

मृण्मयी, आईची गोळी रोज ठरलेल्या वेळी असू दे, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव की तिचे उपचार अजून चालू आहेत. गोळीच्या काळातही डबा पाठवावा लोकांनी.

नवीन_सदस्य_मालेगाव

आजच सभासद झालो. बायकोच्या रिपोर्टमध्ये ईआर ५ टक्के लिहिलंय. एक डॉक्टर पॉझिटिव्ह म्हणतात, दुसरे निगेटिव्हच समजा म्हणतात. कोणाचं ऐकू?

पॅथॉलॉजीवाली

दादा, १ टक्का किंवा त्याहून जास्त पेशी रंगल्या तर नियमाप्रमाणे पॉझिटिव्हच. पण १ ते १० टक्के हा गट २०२० पासून 'लो पॉझिटिव्ह' म्हणून वेगळा लिहितात, कारण त्यातल्या बऱ्याच गाठी ट्रिपल निगेटिव्हसारख्या वागतात आणि गोळीचा फायदा कमी, बेभरवशाचा असतो. म्हणजे दोघेही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. हर-टू किती आहे? २+ असेल तर फिश तपासणी (हर-टूचं जनुक मोजणारी) झाली का? बायोप्सी कुठल्या द्रवात पाठवली होती, तेही त्या लॅबला विचारा. ऑपरेशन झालं असेल तर मोठ्या गाठीवर ईआर पुन्हा करून घ्या. हे आकडे इथे लिहा, रिपोर्टचा फोटो टाकू नका, त्यावर ताईंचं नाव असतं. केमो मात्र या वादात थांबवून ठेवू नका.